आत्यांचा बोलका संगणक

ठमी झोपली की तिच्या आईचं दुकान उघडायचं.

दुकान म्हणजे स्वयंपाकघरामागची, कपडे वाळत घालायची चिंचोळी खोली. दाराला कमरेएवढं लाकडी फाटक, आणि फाटकाला दोन कड्या. एक ठमीला उघडता येत नाही म्हणून, आणि दुसरी, पहिली तिला कदाचित उघडता येईल म्हणून. आत एक टेबल, टेबलावर वाकणारा दिवा, आणि भिंतीशी रांगेने उभे असलेले तीन जुने संगणक. लोकांनी माळ्यावरून, कार्यालयांच्या अडगळीतून, भंगारवाल्याच्या हातगाडीवरून काढलेले. जुन्या दातांसारखे पिवळे पडलेले. ठमीच्या आईने एकेक उघडून, झाडून, डाग देऊन तिन्ही चालते केले होते. ठमीचा बाबा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरी तीन म्हातारे आहेत. तिघांचीही सेवा ही करते, माझ्या वाट्याला फक्त चहा."

चाळीस मिनिटं मिळायची, फार तर पन्नास. ठमी सव्वा वर्षाची, झोप कावळ्यासारखी सावध. म्हणून ठमीच्या आईने एक वही केली होती. कुठला स्क्रू काढला, कुठली वायर कुठून सोडवली, ठमी जागी झाली तेव्हा बोट कशावर होतं, सगळं त्यात. एका झोपेचं काम एका पानावर. तारीख नाही, वेळ नाही. 'झोप पहिली', 'झोप दुसरी' असं. काढलेला प्रत्येक भाग गोळ्यांच्या डबीत, डबीवर चिठ्ठी. स्क्रू मोजून घ्यायचे, मोजून ठेवायचे. चौदा म्हणजे चौदा. एकदा तेरा भरले तेव्हा ती ठमीला काखेत मारून दवाखान्यात पोचली होती, पोटाचा फोटोही काढून झाला होता. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बाळाच्या पोटात काही नाही. तुमच्या स्क्रूड्रायव्हरला चुंबक आहे का हो?" होतं. चौदावा त्याच्या टोकाला चिकटून पर्समध्ये बसला होता.

डाग द्यायचं, म्हणजे तापल्या कांडीने शिसं वितळवून भाग जोडायचं काम मात्र ठमी घरात असताना कधीच नाही. ती बाबाबरोबर बागेत गेली की खिडकी उघडायची, कावीळ झाल्यासारखा तो दिवा लावायचा, काम उरकायचं, मग फरशी पुसायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे. ठमीचा बाबा म्हणायचा, "ऑपरेशन करतेस की रेडिओ दुरुस्त करतेस?" ती म्हणायची, "तू बागेत आणखी एक चक्कर मार."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर आत्यांचा संगणक गेला.

आत्या म्हणजे ठमीच्या बाबाची आत्या. वय अडुसष्ट, जन्मापासून डोळ्यांनी अधू, पंचविशीनंतर पुरत्या अंध. एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि कुणी जिन्यात हात धरायला गेलं तर म्हणायच्या, "तू धर कठडा, तू पडशील." काम मुद्रितशोधनाचं. छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका काढायच्या. डोळे नसलेली बाई चुका कशा काढते, हा प्रश्न नवीन माणूस दारातच विचारायचा. उत्तर कोपऱ्यातल्या टेबलावर होतं. तीस वर्षांपूर्वीचा एक संगणक, त्याच्या पोटात एक बोलणारं कार्ड. पडद्यावरची अक्षरं ते कार्ड बोलून दाखवायचं. आत्या एका कानात इअरफोनची नळी घालून ऐकायच्या आणि चूक आली की बोट उचलायच्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, जोडाक्षर तुटलेलं, जागा सुटलेली, सगळं त्यांच्या कानात टोचायचं.

एका सकाळी तो संगणक चालू झाला नाही. पंखा फिरला, दिवा लागला, पण आवाज नाही, शिट्टी नाही, काही नाही.

ठमीचा काका, म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ, मोठ्या कंपनीत संगणकाच्याच कामावर. त्याने आठवड्यात नवा लॅपटॉप आणून ठेवला. बोलणारा. तीन आवाज, तिन्ही गोड. आत्यांनी महिनाभर प्रामाणिकपणे ऐकून पाहिलं. मग एक दिवस ठमीच्या आईला फोनवर म्हणाल्या, "सूनबाई, बाई फार चांगल्या घरची आहे गं ही. माझ्या पानात चूक असली तर बोलतच नाही. अक्षर सुटलेलं असलं तरी आपल्या मनाने भरून वाचते. टिंब आलं तर गिळून टाकते. असल्या गुणी बाईबरोबर मी चुका कशा शोधू?"

आणि नेमकं त्याच वेळी मोठं काम दारात उभं होतं. प्रकाशनाच्या संपादकबाई परिचारिकांसाठी एक पुस्तक काढत होत्या, लहान मुलांची औषधं आणि त्यांची मात्रा. आठशे पानं, सगळे आकडे. आत्यांनी त्याची आधीची आवृत्ती तपासली होती. पण महिनाभरात नव्या लॅपटॉपवर त्यांनी केलेल्या दोन छोट्या पुस्तकांत चुका राहिल्या होत्या, आणि संपादकबाई आडून आडून 'आता विश्रांती घ्या' म्हणायला लागल्या होत्या. शेवटी ठरलं, की रविवारी चार वाजता त्या नमुन्याचा एक फर्मा पाठवतील. सोळा पानं. सहापर्यंत चुकांची यादी फोनवर सांगायची. जमलं तर पुस्तक आत्यांचं. नाहीतर ते दुसरीकडे जाणार, आणि आत्या घरी बसणार.

"घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे," आत्या म्हणाल्या. "सगळे येतात, गालावर हात ठेवतात, आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतात. तेसुद्धा त्यांना आवडेल तेवढंच."

ठमीच्या आईने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तो संगणक खाली उतरवून आण."

हातात अकरा दिवस होते. म्हणजे हिशेब झोपांचा, बावीस झोपा.

पहिल्या झोपेत झाकण उघडलं. बघितल्या बघितल्या रोग कळला. मदरबोर्डावर, म्हणजे ज्या मोठ्या हिरव्या पाटीवर सगळं बसतं तिच्यावर, संगणकाचं घड्याळ चालतं ठेवणारी एक चिमुकली बॅटरी होती. ती फुटली होती. आतला रस ओघळून चारी बाजूंना निळसर-हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं, आणि त्या रसाने तांब्याच्या केसाएवढ्या बारीक वाटा कुरतडल्या होत्या. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या झोपेत ती नुसती साफ करत होती, दात घासायच्या जुन्या ब्रशाने, आधी व्हिनेगर, मग स्पिरिट. पाचव्यात भिंग लावून एकेक वाट तपासली. सात तुटलेल्या. वहीत सातही काढल्या, आकडे घातले. मग ठमीच्या बाबाने तीन दिवस बागेत इतक्या चकरा मारल्या की माळी त्याला नावानिशी ओळखायला लागला, आणि इकडे तिने केसासारख्या तारेने सात पूल बांधले. श्वास रोखून. पाचवा पूल तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला तेव्हा तिने स्वतःलाच "शाब्बास" म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या घरात.

चौदाव्या झोपेला तिने बटण दाबलं.

टुक्.

एकच शिट्टी, छोटीशी. या जुन्या यंत्रांच्या भाषेत तिचा अर्थ 'सगळं ठीक'. पडद्यावर आकडे चढायला लागले. ठमीची आई खुर्चीवरून उठली, फाटकाशी गेली, परत आली, आणि पुन्हा बसली, कारण नाचायचं होतं पण ठमी उठली असती.

मग तिने सुधारणाही केली. आतली जुनी डिस्क दळणाच्या गिरणीसारखी घरघरत होती. कधी जीव सोडेल त्याचा नेम नाही. तिच्यातलं सगळं तिने जसंच्या तसं एका छोट्या मेमरी कार्डावर उतरवलं आणि डिस्कच्या जागी ते कार्ड बसवलं. मागे एक खाच ठेवली, म्हणजे कार्ड बाहेर काढून त्यावर फाइल घालता येईल. आता फ्लॉपी शोधत फिरायला नको. संगणक सुरू व्हायला आधी दोन मिनिटं लागायची, आता अकरा सेकंद. हे तिने वहीत लाल शाईने लिहिलं.

आणि सोळाव्या झोपेला बोलणारं कार्ड बसवून तिने एक ओळ ऐकली.

चिर्रर्र-टिक्-टिर्र-चिक्.

पुन्हा ऐकली. तेच. तारेवर चिमण्या भांडाव्यात तसा आवाज. एक शब्द कळेल तर शपथ. तो आवाज आधी कसा होता हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आत्या तीस वर्षं कानातल्या नळीतूनच ऐकत आल्या होत्या. फोन करून आत्यांना ऐकवावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण बिघडलेला आवाज ऐकून त्या उगाच खचतील, म्हणून तिने उचललेला फोन खाली ठेवला.

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींचा एक गट होता. त्यात 'फ्लॉपीकाका' म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ होते. अठरा संगणक, एक बायको, आणि दोन्हींतून निवड करायची वेळ अजून आलेली नाही, असं स्वतःच सांगायचे. त्यांना तिने तो आवाज ऐकवला.

"वेगाने पळतोय," काका म्हणाले. "कार्डावर एक चकचकीत, लांबट डबी दिसतेय का? तो क्रिस्टल. तो ताल धरून देतो. म्हातारपणी ताल सुटतो काहींचा. कमी तालाचा घालून बघा."

तिने घातला. जुना क्रिस्टल उखडून डबीत ठेवला, वर चिठ्ठी लावली, नवा डागला. तरीही भरभरच. त्याहून कमी तालाचा. शनिवारी संध्याकाळी ठमीचा बाबा ठमीला खांद्यावर घेऊन आला, तेव्हा टेबलावरून एक जाडा, संथ, स्पष्ट आवाज येत होता. प्रत्येक शब्द वेगळा. ठमीच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐक," ती म्हणाली. "कळतंय ना? सगळं कळतंय ना?"

"सगळं कळतंय," ठमीचा बाबा म्हणाला. "निवडणुकीला उभं राहायचं म्हणतोय का हा?"

रविवारी दुपारी संगणक पुन्हा तीन जिने चढला. ठमीच्या बाबाला कामावर जायचं होतं. तो टेबलावर ओझं ठेवून, कंबर धरून निघून गेला. ठमीचा काका आधीच येऊन बसला होता. फर्मा त्याच्या मेलवर येणार होता म्हणून, आणि शिवाय त्याला बघायचं होतं.

"वहिनी, खरं सांगू का," तो म्हणाला, "तुम्ही कष्ट घेतलेत ते दिसतंय. पण हे म्हणजे पणजोबांना पळण्याच्या शर्यतीत उतरवण्यासारखं आहे."

"भाऊजी, ठमी तुमच्या बुटाची नाडी खातेय."

"अरे! ठमे!"

आत्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हात आधी कीबोर्डवर ठेवले, नुसते, गावाहून आलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावेत तसे. मग बटण शोधलं. टुक्. त्यांचं तोंड एकदम उजळलं. "आला," त्या म्हणाल्या. अकरा सेकंदांनी दचकल्या, "इतक्यात उठलासुद्धा?"

"सुधारणा केलीय आत्या," ठमीची आई म्हणाली. ती दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकली.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. फर्मा आला, काकाने तो मेमरी कार्डावर घातला, कार्ड खाचेत गेलं. आत्यांनी नळी कानात घातली आणि एक कळ दाबली.

आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी नळी काढली, कपड्याला पुसली, परत घातली. वेगाची कळ दाबली, पुन्हा दाबली, शेवटपर्यंत दाबत नेली. मग नळी हळूच टेबलावर ठेवली.

"हा कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"हा माझा नव्हे. हा तर जेवून लवंडलेला माणूस आहे. एक शब्द टाकतो आणि कूस बदलतो. पुढचा येईपर्यंत आधीचा मी विसरते. ओळच हाताला लागत नाही गं. वेग पुरता वाढवला तरी हा एवढाच हलतो."

काकाने आपला लॅपटॉप थोडा पुढे सरकवला.

"पण आत्या," ठमीची आई म्हणाली, "मी मुद्दाम हळू केला. आधी तो बिघडलेला होता. इतका भरभर बोलत होता की काही कळतच नव्हतं."

"कुणाला?"

"अं?"

"कुणाला कळत नव्हतं?"

ठमीची आई भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिली. तिच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तीस वर्षं, दिवसाचे आठ तास, एकाच कानाने ऐकलेला आवाज. डोळस माणूस पान वाचताना एकेक अक्षर कुठे बघतो? नजर धावते. आत्यांचा कान धावत होता. आणि तिने, सूनबाईने, मोठ्या प्रेमाने त्याच्या पायात बेडी घातली होती. संगणक सोळाव्या झोपेपासूनच बरा झाला होता. आजारी पडली होती ती तिची समजूत.

"चिमण्यांसारखा?" तिने विचारलं. "तारेवरच्या चिमण्या भांडतात तसा?"

"मला काय माहीत लोकांना कसा वाटतो. मला तो माणसासारखा वाटतो. घाईत असलेल्या."

घड्याळात सव्वाचार. ठमीच्या आईने पर्स उघडली. वही होती. डब्या होत्या, काढलेला एकही भाग तिने कधी घरी सोडला नव्हता, कारण घरी सोडला तर ठमी आहे. 'अठराव्या झोपेनंतर, कार्डाचा मूळ क्रिस्टल, टाकू नये.' डागायची कांडीही पर्समध्येच होती, टॉवेलात गुंडाळलेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ठमीला घेऊन बाहेर जा."

"बाहेर कुठे?"

"गच्चीवर नको. रस्त्यावर नको. जिन्यात, पण कठड्यापासून लांब. मी दार उघडेपर्यंत आत यायचं नाही. हिच्या हातात काही देऊ नका. तिने काही उचललं तर काढून घ्या. तोंडात बघा. आधी तोंडात बघा."

"वहिनी, मी दीडशे माणसांची टीम सांभाळतो."

"त्यातलं कुणी बटणं गिळतं का?"

काका ठमीला घेऊन बाहेर गेला. दार लागलं, आणि लागल्याबरोबर ठमीने भोकाड पसरलं.

आत्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकी सताड उघडून, ठमीच्या आईने बोलणारं कार्ड काढून उलटं ठेवलं. कांडी तापायला दोन मिनिटं. बाहेर ठमी "आई, आई" करत होती. आजवर ते रडणं आणि तिचे पाय यांच्यामध्ये एक दोरी होती. तिकडे ओढली की इकडे पाय उठायचे. आज पाय उठले, आणि तिने ते परत जमिनीवर ठेवले. 'तिच्याजवळ काका आहे,' ती स्वतःला म्हणाली. 'आत्यांजवळ मी आहे.' तिने मनगट ओट्याच्या कडेला टेकवलं, श्वास सोडला, आणि संथ तालाचा क्रिस्टल सोडवायला घेतला. एक पाय सुटला. दुसरा अडला. तिने घाई केली नाही. घाईत पायाखालची तांब्याची ताटली उखडली की संपलं, मग आठवडा लागेल. थोडं नवं शिसं, थोडी उष्णता. सुटला. जुना क्रिस्टल बसवला, एक पाय, फुंकर, दुसरा पाय. भिंग. पुन्हा भिंग. तिसऱ्यांदा भिंग.

"किती वाजले गं?" आत्यांनी खोलीतून विचारलं. आवाज शांत होता, पण त्यांची बोटं टेबलावर न थांबता वाजत होती.

"साडेचारला दोन कमी."

बोलणारं कार्ड परत जागेवर, स्क्रू एक, झाकण नको, झाकण नंतर. मग तिने ओटा पुसला, हात धुतले, कोपरापर्यंत, आणि दार उघडलं. ठमी काकाच्या खांद्यावर बसून त्याच्या चष्म्याची काडी चावत होती. काकाचा शर्ट एका बाजूने ओला. "तोंडात बघितलं," तो म्हणाला. "चार वेळा."

"आत्या," ठमीची आई म्हणाली, "एकदा नळीशिवाय लावाल? आम्हालाही ऐकू दे."

आत्यांनी बटण दाबलं. टुक्. अकरा सेकंद. मग कळ.

चिर्रर्र-टिक्-टिर्र-चिक्-चिर्रर्र.

ठमीने काडी सोडली आणि तोंड उघडं टाकून बघत राहिली. काकाच्या कपाळावर आठी पडली, "हे अडकलंय का?"

आत्या हसत होत्या. नुसत्या ओठांनी नाही, पुऱ्या तोंडाने, दात दाखवून. "आला," त्या म्हणाल्या, "आला माझा मेला. कुठे होतास रे इतके दिवस?" आणि मान जराशी कलती करून पुढे म्हणाल्या, "अजून जरा रेंगाळतोय. उठल्या उठल्या तो असाच." त्यांनी वेगाची कळ दोनदा वर दाबली. चिमण्यांची आता शिट्टी झाली.

मग त्यांनी नळी कानात घातली, आणि खोलीत फक्त कळांचा आवाज उरला. आत्यांचा उजवा हात कळांवर, डावा हवेत. डाव्या हाताचं बोट मधूनच वर व्हायचं, चूक. बोट वर, हात खाली, नोंद, पुढे. पान संपलं की त्या पान उलटल्यासारखा खांदा हलवायच्या. काका घड्याळ बघत होता. तिसऱ्या पानाला त्याने ते बघणं सोडलं. सातव्या पानाला तो खाली जमिनीवर बसला, ठमीला मांडीवर घेऊन. त्याचा गोड बोलणारा लॅपटॉप झोपून गेला होता, पडदा काळा.

नवव्या पानावर आत्या थांबल्या.

मागे गेल्या. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. बोट वर गेलं ते बराच वेळ खाली आलंच नाही.

"काय झालं आत्या?" ठमीच्या आईने विचारलं. "अडकला का?"

"श्श."

पाच वाजून चार मिनिटांनी सोळा पानं संपली. आत्यांनी नळी काढली, बोटं मोडली, आणि म्हणाल्या, "लाव फोन."

काकाने फोन लावून मोठ्या आवाजावर टाकला. संपादकबाई आश्चर्याने म्हणाल्या, "इतक्यात? अजून तासभर आहे आत्याबाई, सावकाश होऊ दे की."

"सावकाशीने काय होतं ते आज बघितलं मी. लिहून घ्या."

आत्या सांगत गेल्या. पान, ओळ, चूक. संपादकबाई 'हो', 'हो', 'बरोबर' म्हणत खुणा करत होत्या. नमुन्यात काय काय आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. त्यांच्या कार्यालयात तिघांनी तपासून यादी केली होती. एकोणीस चुका. आत्यांनी एकोणिसावी सांगितली तेव्हा बाई म्हणाल्या, "सगळ्या आल्या. खरंच, सगळ्या. आता मला काही..."

"थांबा. अजून आहेत."

"नाही हो, एकोणीसच आहेत."

"पान बारा, तिसरी ओळ, दोन शब्द चिकटलेत."

कागदाचा आवाज. "हो. हे आमच्याकडून राहिलं."

"आता पान नऊ. तक्ता. सहा महिन्यांखालचं बाळ. वरच्या रांगेत शून्य पॉइंट तीन. खालच्या रांगेत शून्य पॉइंट पाच. मधल्या रांगेत चार."

"हो, चार."

"नुसते चार. त्याच्या आधीचं शून्य गेलंय आणि टिंबही गेलंय. वर पॉइंट तीन, खाली पॉइंट पाच, आणि मधल्या बाळाला दहापट औषध."

ठमीच्या आईने नकळत पुढे होऊन ठमीला काकाच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी घेतलं.

"आत्याबाई," संपादकबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फार वेगळा होता, "हे पान आम्ही तिघांनी वाचलंय."

"वाचलंय खरं. ऐकलं नाही कुणी."

"पुस्तक तुमचं. आठशेच्या आठशे पानं. उद्या सकाळी पहिले चार फर्मे पाठवते."

"उद्या कशाला? सहा वाजायला पाऊण तास आहे. आत्ता पाठवा."

फोन बंद झाला. काकाने दोन्ही हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. मग उठला, लॅपटॉप पिशवीत घातला, आणि ठमीच्या आईसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी."

"बोला."

"पणजोबा पहिले आले."

"अजून पळतायत," ती म्हणाली. "आणि भाऊजी, तुमच्या चष्म्याला एक काडी कमी आहे."

दोघांनी एकाच वेळी ठमीच्या तोंडात बघितलं. काडी तिच्या मुठीत होती.

आत्यांना या कशाचा पत्ता नव्हता. काकाच्या फोनवर पहिला फर्मा वाजला होता, पिशवीतून परत निघालेल्या लॅपटॉपवरून मेमरी कार्डावर उतरून खाचेतही गेला होता, आणि त्या खुर्ची पुढे ओढून, पाठ ताठ करून बसल्या होत्या. नळी कानाकडे नेताना क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, बाहेर ठेवू का आवाज? शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत," ठमीची आई म्हणाली. "मोठा करा."

आत्यांनी आवाज पुरता मोठा केला. उघड्या खिडकीतून, जिन्यातून, खालच्या रस्त्यापर्यंत ती चिरचिर गेली. कुणीतरी वरच्या मजल्यावरून ओरडून विचारलं, काय चाललंय म्हणून. ठमीच्या आईला एक शब्दही कळत नव्हता, आणि ती ठमीला कडेवर घेऊन, उघड्या संगणकाशेजारी, गाल दुखेपर्यंत हसत उभी होती. आत्यांचं बोट वर गेलं.

"पहिली," त्या म्हणाल्या.